समुद्राची शिफ्ट

ज्या कचेरीत माझी ऐन उमेदीची वर्षं गेली, तिचं काम होतं समुद्र आणि जमीन यांचा मेळ घालायचं, आणि ती कचेरी होती चिंचवडला. हसू नका. पहिल्या दिवशी मी हसले होते, तर हेडक्लार्कने चष्म्यावरून अशी काही नजर टाकली की पुढे हसायचं झालं तर मी उठून माठापाशी जायची, पाठमोरी होऊन पाणी प्यायची आणि मग हसायची.

चिंचवडच का, तर जमिनीचं खातं बसायचं पुण्यात आणि समुद्राचं मुंबईत. दोघांनी मिळून किनाऱ्याचा आराखडा करावा असा वरून हुकूम आला. पुणेकर म्हणाले, आम्ही काय म्हणून मुंबईला जायचं? मुंबईकरांनी तर पुण्याला यायचा विषय काढताच नाक मुरडलं. शेवटी दोघांनाही सारखंच गैरसोयीचं असं ठिकाण शोधलं गेलं. मुंबई-पुणे रस्त्यावर एका नटबोल्टच्या दुकानावरचा मजला भाड्याने घेतला, दारावर पाटी लावली, आणि खिडकीतून कारखान्यांची धुराडी बघत माणसं भरती-ओहोटीचा विचार करू लागली.

मी तिथे ट्रेसर होते. म्हणजे साहेब लोक नकाशावर पेन्सिलीने जे काही ओढतील ते मेणकट पारदर्शक कागदावर काळ्या शाईने गिरवायचं. लग्नाआधी कोकणातच जिल्ह्याच्या गावी मी त्याचा कोर्स केला होता. नवरा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर, तिन्ही शिफ्टमध्ये फिरता. आमची खोली दापोडीला, रेल्वेच्या रुळांलगत. एवढ्या मोठ्या कचेरीत समुद्रकाठी जन्मलेली एकटी मीच होते, पण ते कोणी मला कधी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही.

कचेरीत दोन साहेब होते. एक जमिनीच्या खात्याचे, त्यांना आम्ही जमीनवाले म्हणायचो, आणि दुसरे पाणीवाले. दोघांची टेबलं समोरासमोर मांडली होती, समन्वय व्हावा म्हणून. दोघांनी आपापल्या खुर्च्या फिरवून घेतल्या. एकमेकांना काही सांगायचं असलं की शिपायाच्या हाती चिठ्ठी जायची, दोन हातांवरच्या टेबलावर.

आता त्यांचं भांडण कशावरून होतं ते सांगते, कारण माझ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. पिंपरी-चिंचवडचे कारखाने तेव्हा जोरात होते. त्यांची यंत्रं परदेशी पाठवायला कोकणात एखादा छोटा धक्का बांधावा, तिथपर्यंत रस्ता न्यावा, अशी योजना निघाली. रस्ता जमीनवाल्यांचा, धक्का पाणीवाल्यांचा. दोघांचेही नकाशे तयार होते. जमिनीच्या नकाशात जमीन संपते तिथे रेघ, आणि रेघेपुढे कोरा कागद. समुद्राच्या नकाशात पाणी संपतं तिथे रेघ, आणि तिच्याअलीकडे कोरा कागद. मी दोन्ही नकाशे काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवले, खालून ट्यूबलाइट लावली, आणि बघते तर दोन रेघा काही जुळेनात. जमीनवाल्यांनी आपली रेघ उधाणाच्या पाण्याला धरून आखली होती, पाणीवाल्यांनी पूर्ण ओहोटीला धरून. मधे एक लांबोळका पट्टा राहिला होता, त्याच्यावर कोणाचाच हक्क नव्हता. रस्ता त्याच्या अलीकडे थांबत होता आणि धक्का त्याच्या पलीकडे सुरू होत होता. मधलं अंतर ट्रकने उडी मारून जायचं होतं की काय कोण जाणे.

तो पट्टा मी ओळखला. वळणावरचा खडक, ओढ्याचं तोंड, माडांची रांग. ते माझ्या आईचं वाळवण होतं.

वाळवण म्हणजे मासळी सुकवायची जागा. तिथे गावातल्या बायका जवळा, म्हणजे बारकी कोळंबी, पसरतात, त्याचं सुकट होतं. माझे वडील होडीतून गेले ते परत आले नाहीत, तेव्हा मी परकरात होते. त्यानंतर आईने मला त्या वाळूवर वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. उधाणाचे चार दिवस सोडले तर तिथे वरपर्यंत पाणी येत नाही. उधाण कधी येणार ते आमच्याकडे कॅलेंडर न बघता कळतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे पोरंटोरंही बोटांवर मोजतात. भरतीच्या आधी जवळा उचलायचा, पाणी उतरलं की पुन्हा पसरायचा. मी किती वेळा म्हटलं, आई, आता माझ्याकडे ये, दापोडीला राहा. ती म्हणायची, "माजं हात चालतायत तवर मी कुनाच्या दारात बसनार नाय, जावयाच्या तर नायच." तिचा सगळा ताठा त्या वाळूवर उभा होता. वाळवण गेलं असतं तर तो गेला असता, आणि ताठ्याशिवायची माझी आई मला बघायची नव्हती.

म्हणून मी देवाला रोज एकच मागायची की या दोन साहेबांचं कधीही न पटो. आणि देव खरंच ऐकत होता. एकदा त्या पट्ट्याला रंग कुठला द्यायचा यावर घोडं अडलं. जमीन पिवळी, समुद्र निळा, हे ठरलेलं. जमीनवाले म्हणाले पट्टा पिवळा करा, पाणीवाले म्हणाले निळा. हेडक्लार्कने सुचवलं, दोन्ही लावा. लावले, तर हिरवा झाला. हिरवा रंग जंगलाचा. तेव्हा दोन्ही साहेब आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांकडे बघून घाबरले, कारण नकाशात हिरवं दिसलं असतं तर वनखात्याने उद्याच येऊन तिसरी खुर्ची मांडली असती. पट्टा पुन्हा पांढरा करायचा हुकूम झाला.

ट्रेसिंगवर चुकलं की ब्लेडने हलकं खरवडायचं असतं. जमीनवाले आले की मी पाणीवाल्यांची रेघ खरवडायची, पाणीवाले आले की जमीनवाल्यांची. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी एके दिवशी ब्लेड आरपार गेलं आणि आईच्या वाळवणाला भोक पडलं. मी मागून चिकटपट्टी लावली. आमचा शिपाई जवळच उभा होता. तो चिखलीकडचा, त्याच्या घरची जमीन कारखान्याखाली गेलेली. तो म्हणाला, "बाई, आमच्या रानालाबी असंच आधी कागदावर भोक पडलं व्हतं."

एकदा मात्र जागेवर पाहणी ठरली. गाव माझं आहे हे तोवर बाहेर आलं होतं, म्हणून नकाशाच्या गुंडाळ्या सांभाळायला मलाही नेलं. जमीनवाले जीपने आले आणि माडांखाली थांबले. वाळूवर पाय ठेवला तर ती आपली नाही हे कबूल केल्यासारखं होईल का, की आपली आहे असं कबूल होईल, याचा त्यांना उलगडा होईना. पाणीवाले लाँचने आले आणि लाँचमधून उतरेनात, कारण उतरायची वेळ आली म्हणजे तिथे जमीन आहे हे मान्य झालं. मग दोघांची बैठक ओरडून झाली. मधे वाळूवर बायका जवळा पसरत होत्या. वाऱ्यामुळे एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं, म्हणून त्याच त्यांचे निरोप पोचवत होत्या. आईने कमरेवर हात ठेवून दोन्हीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ह्ये तुजे साहेब?"

मी म्हटलं, "हो."

"बरं हायत," ती म्हणाली. "भांडतायत तवर बरं हायत."

माझ्या आईला राजकारण शिकवायची गरज नव्हती. त्या दिवशी तिने दोघांनाही चहा दिला, एकाला माडाखाली आणि दुसऱ्याला गुडघाभर पाण्यात जाऊन. दोघांनी तो पिऊन अहवालात लिहिलं की सदर पट्टा निर्जन आहे.

मग आणीबाणी आली. त्या दिवसांत कामं झटपट व्हायची, निदान कागदावर. आमच्या कचेरीचं घोडं इतकी वर्षं पेंड खातंय हे वर कोणाच्या तरी लक्षात आलं आणि एक तिसरे साहेब नेमले गेले. हे समन्वय साहेब. पूर्वी एका मोठ्या कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघायचे. माणूस तरतरीत, बुशशर्टाच्या खिशाला तीन रंगांची पेनं, वागायला अगदी गोड. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही साहेबांच्या खुर्च्या समोरासमोर वळवल्या.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली. "मला सांगा," ते म्हणाले, "एका मशीनवर तीन कामगार काम करतात. ते भांडतात का, मशीन कोणाचं म्हणून?"

"नाही," जमीनवाले म्हणाले.

"कारण त्यांना शिफ्ट असते. पट्टा कोणाचा हा प्रश्नच चुकीचा आहे. पट्टा कोणाचा, कधी, असं विचारा."

आणि त्यांनी फळ्यावर खडूने तक्ता काढला. ओहोटी असेल तेव्हा पट्टा जमिनीचा, भरती असेल तेव्हा समुद्राचा. पहिली शिफ्ट सकाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा. एका आठवड्यात पहिली शिफ्ट जमिनीची असेल, तर पुढच्या आठवड्यात ती समुद्राची. ज्याची शिफ्ट असेल त्याने पट्ट्यावर राहायचं, दुसऱ्याने बाहेर. रात्रपाळी दोघांनाही माफ. या भागात आम्ही सगळे भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर झोपणारे. घरात कोणी मेलं तरी लोक आधी विचारायचे, शिफ्ट कुठली होती. त्यामुळे समुद्रालाही शिफ्ट लावावी यात कोणाला वावगं वाटेना. वर्षानुवर्षं न बोललेले दोघे साहेब एकदम म्हणाले, "हे बरोबर आहे."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते."

मला वाटलं त्यांना हे माहीत नसेल. तसं मुळीच नव्हतं. "मला कल्पना आहे, बाई," ते हसून म्हणाले. "म्हणूनच तर दर आठवड्याला शिफ्ट बदलतोय. आठवडाभराचं पुढे सरकणं आपण रविवारी एकदम भरून काढायचं."

"पण तोवर? सोमवारी जुळेल, आणि शनिवारी?"

"शनिवारी थोडं इकडेतिकडे होईल. पण पहारेकऱ्याची ड्यूटी रोज पाऊण तास पुढे ढकलायची कशी? त्याला ओव्हरटाइम द्यावा लागेल, बदली माणूस लागेल. माणसांच्या अडचणीही समजून घेतल्या पाहिजेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. समुद्राला काही अडचण असेल असं कोणाच्या मनात आलं नाही, आणि वाळूवरच्या बायकांना तर विचारायचं काही कारणच नव्हतं. मी म्हटलं, तिथे मासळी सुकवतात, माझी आई सुकवते, तीन वाजल्यानंतरच्या उन्हात जवळा सुकत नाही. साहेबांनी अगदी आपुलकीने ऐकलं. बैठकीच्या टिपणात आलं की किनाऱ्यावरील महिलांच्या वतीने योजनेचं स्वागत करण्यात आलं.

घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा पहिल्या शिफ्टहून आला होता, बाजेवर आडवा पडला होता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "अगं, पण कल्पना वाईट नाही." त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही.

मी तो तक्ता निळ्या-पिवळ्या रंगात गिरवला. आमच्या कचेरीतून निघालेलं सगळ्यात देखणं काम होतं ते. वरून शाबासकी आली. गावाला पट्ट्याच्या तिन्ही बाजूंनी काटेरी तार लागली, एक गेट बसलं, आणि पिंपरीच्या एका कारखान्यातून काढून टाकलेला हाताने फिरवायचा भोंगा ट्रकमधून तिथे गेला. भोंगा फिरवायला आणि गेट उघडायला पहारेकरी नेमला तो गावातलाच, माझा चुलतभाऊ. सरकारी नोकरी लागली म्हणून त्याच्या घरी सत्यनारायण झाला. माझी आईच त्याला पहिला पेढा भरवायला गेली होती.

मग सुरू झालं. जमिनीची पहिली शिफ्ट असली की बायका सकाळी आत, तीनला भोंगा झाला की बाहेर. समुद्राची पहिली शिफ्ट असली की सकाळभर तारेबाहेर. सोमवारी खरंच बरं जुळायचं. मंगळवारी चालून जायचं. शनिवारपर्यंत अशी गत व्हायची की आत नुसती कोरडी, तापलेली वाळू, वर लख्ख ऊन, आणि बाहेर ओल्या जवळ्याच्या टोपल्या घेऊन बायका उभ्या, कारण शिफ्ट समुद्राची. आणि समुद्र कुठे, तर तिकडे लांब, त्याला त्याच्या शिफ्टचा पत्ताच नाही. आई सांगायची, पहिल्यांदा आमी हसलो. मग मात्र हसू बंद झालं, कारण जवळा काही शिफ्टची वाट बघत नाही, कुजतो. चुलतभाऊ बिचारा बघून न बघितल्यासारखं करायचा, गेट जरा लोटलेलं ठेवायचा. त्याच्यावरच त्या बायकांनी तो हंगाम काढला. भोंगा मात्र त्याने कधी चुकवला नाही. तो लांब तालुक्यापर्यंत ऐकू जायचा.

वैशाखात समन्वय साहेबांनी योजना प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं. सोबत वरचे पाहुणे, दोन्ही साहेब, एक फोटोवाला, आणि तक्ता धरायला मी. तिथी मी बोटांवर मोजली. पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. वैशाखातली दिवसाची भरती रात्रीच्यापेक्षा वरपर्यंत येते, आणि ती यायची होती दुपारी, जेवणवेळेला. शिफ्ट होती समुद्राची, तीनपर्यंत.

आम्ही पोचलो तेव्हा गेटपाशी सगळ्या बायका उभ्या होत्या. आत वाळूवर जवळा पसरलेला होता, गुलाबी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चार दिवस नुसत्या संध्याकाळच्या उन्हात पसरून तो पुरता सुकला नव्हता, म्हणून आदल्या रात्री त्यांनी तो उचलला नव्हता. ओला घरात ठेवला असता तर वास मारला असता. पावसाळ्याच्या तोंडावरची सगळी बेगमी ती. सकाळी दहाला आत जाऊन उचलायचा त्यांचा बेत होता, नेहमीसारखा, भावाने गेट लोटलेलं ठेवावं आणि त्यांनी शिरावं. पण त्या दिवशी साहेब येणार म्हणून गेटला कुलूप होतं आणि भाऊ नव्या खाकीत ताठ उभा होता. आई त्याला म्हणत होती, "अरे, पानी यतंय."

"काकी, मी काय करू," तो म्हणत होता. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. "साहेब बगतायत."

मी तक्ता जीपच्या टपावर ठेवला आणि साहेबांपाशी गेले. म्हटलं, "साहेब, ती माझी आई आहे. आतला माल या बायकांचा आहे, वर्षाचा आहे. अर्धा तास गेट उघडायला सांगा, त्या उचलून घेतील. पाणी अजून लांब आहे."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. रागावले वगैरे नाहीत. उलट मला समजावत म्हणाले, "बाई, आत्ता शिफ्ट समुद्राची आहे. आपलं वेळापत्रक आपणच मोडलं तर समुद्राने ते का पाळावं?"

खरं सांगते, हे ते मनापासून म्हणाले. मला आजही त्या माणसाचा राग येतो तो याच्यासाठी. तो लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

पाणी आलं. आधी खडकापाशी, मग ओढ्याच्या तोंडातून, मग सगळीकडून एकदम. आमच्या कचेरीच्या इतिहासात पहिल्यांदाच समुद्र ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ठरल्या शिफ्टमध्ये हजर झाला होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघा," समन्वय साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता, "आला की नाही वेळेवर?" जमीनवाल्यांनी पाणीवाल्यांचा हात हातात घेतला. फोटोवाल्याने फोटो काढला. त्या फोटोत मागे जे गुलाबी दिसतं ते फूल नाही, माझ्या आईचा जवळा आहे, पाण्यावर उचलला गेलेला.

मी पदर खोचला आणि तारेखालून आत शिरले. साडी फाटली, पाठीवर ओरखडे उठले, कोणीतरी "बाई, बाई" म्हणून ओरडलं. माझ्यामागे आई आली, तिच्यामागे बाकीच्या. पोटऱ्यांभर पाण्यात आम्ही ओंजळींनी, पदरांनी, टोपल्यांनी जेवढं हाती लागेल तेवढं ओढत होतो. समुद्राच्या ओढीपुढे बायकांचे पदर किती पुरणार? प्रत्येकीला एकेक टोपली मिळाली असेल, वाळूने आणि खाऱ्या पाण्याने जड झालेली. बाकी सगळं गेलं. आई पाण्याकडे बघत उभी राहिली, आणि तिला तसं उभं राहिलेलं मी वडील गेले तेव्हा पाहिलं होतं.

चिंचवडला परतल्यावर मला मेमो मिळाला. समुद्राच्या शिफ्टमध्ये विनापरवाना प्रवेश केल्याबद्दल. खुलासा मागवला होता. मी लिहिलं, चूक झाली, समुद्राची परवानगी घ्यायला हवी होती. हेडक्लार्कने तो खुलासा तसाच पुढे पाठवला आणि समाधानकारक म्हणून तो मंजूर झाला. योजना यशस्वी ठरल्यामुळे कचेरी बंद करण्यात आली. आम्हाला सगळ्यांना दुसऱ्या खात्यांत वाटून टाकलं, आणि समन्वय साहेबांना बढती मिळून ते खाणी आणि जंगलं यांचा मेळ घालायला गेले. रस्ता आणि धक्का कधी बांधलाच नाही. यंत्रं मुंबईहूनच जात राहिली. तार मात्र होती तिथेच राहिली, आणि गेट, आणि भोंगा, कारण ते काढायचे कोणी हे ठरवायला आता कचेरीच नव्हती.

आई त्या पावसाळ्यात माझ्याकडे दापोडीला आली. मी बोलावलं नव्हतं, आणि तिने जाते म्हणूनही म्हटलं नाही. एक पिशवी आणि ती टोपली, एवढंच सामान. जावई घरात शिरला की ती उठून उभी राहायची. माझ्या आईला कोणासाठी उठून उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिला खाली बस म्हणायलासुद्धा मला तोंड होईना.

दिवाळीनंतर ऊन पडायला लागलं तशी तिने ती टोपली बाहेर काढली. दारापुढच्या बाजेवर जुनं लुगडं अंथरून त्याच्यावर उरलेलं मूठभर सुकट पसरलं. शेजारपाजारच्यांनी नाकाला पदर लावले, मी कोणाची पर्वा केली नाही. ती बाजेशेजारी जमिनीवर बसली, कावळे हाकत. कितीतरी महिन्यांनी तिच्या हातांना काम मिळालं होतं, आणि ती अगदी हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं, येईल हळूहळू माणसात.

इतक्यात कारखान्याचा तीनचा भोंगा झाला. आई बसल्या जागी दचकली. घाईघाईने तिने लुगड्याची चारी टोकं उचलली, सुकट टोपलीत ओतलं, टोपली पोटाशी धरली आणि उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली. बाहेर बाजेवर लख्ख ऊन पडलं होतं.

मी म्हटलं, "आई, काय गं? ऊन आहे की अजून. बस ना."

तिने बाजेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको गो बाय," ती म्हणाली. "भोंगा झाला. आता आपली शिफ्ट नाय."